दुकानात दिवसभर उभं राहावं लागतं. स्टूल मागायचं तर सुरुवात कुठून करायची?

काउंटरवाली, नाशिक

नमस्कार. मी मेन रोडच्या बाजूला एका मोठ्या साडीच्या दुकानात काउंटरला आहे. आम्ही पंधरा-सोळा जणी आहोत, शिवाय पुरुष वेगळे. सकाळी दहाला हजेरी, रात्री नऊला सुट्टी. जेवायला अर्धा तास. बाकी सगळा वेळ उभं. दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हासुद्धा बसायचं नाही. भिंतीला जरा टेकलं तरी सुपरवायझर कॅमेऱ्यात बघतो आणि लगेच काउंटरचा फोन वाजतो.

संडास एकच, तोही वरच्या मजल्यावर गोदामाच्या मागे. पुरुषही तोच वापरतात आणि जायचं तर विचारून. म्हणून निम्म्या जणी जेवणापर्यंत पाण्याचा घोटही घेत नाहीत. आमच्यातल्या एकीला लघवीचं इन्फेक्शन सारखं होतं. डॉक्टर म्हणतात भरपूर पाणी प्या. ती पाणी पिऊन जाणार कुठे?

रात्री निमाणीला बस धरते तेव्हा घोटे इतके सुजलेले असतात की चपलेचा पट्टा मांसात रुतलेला दिसतो. लगनसराईत तर साप्ताहिक सुट्टीही जाते. पगार वाढवा असं मी अजून म्हणतच नाही. एक स्टूल हवंय, आणि बायकांसाठी वेगळा संडास. एकटी बोलले तर उद्यापासून येऊ नको म्हणतील, आणि घर माझ्यावर आहे. कायद्यात असं काही आहे का? कुणी असं केलंय का?

सिडकोची ताई

बाई, आधी एक सांगते: तू फार लहान गोष्ट मागतेयस असं समजू नकोस. मी बरीच वर्षं नाशकात घरकाम करणाऱ्या आणि दुकानातल्या बायकांबरोबर काम करते. सुरुवात करायला स्टूल आणि संडास यापेक्षा चांगली मागणी मला माहीत नाही. पगाराचं काढलं की मालक प्रत्येकीला वेगळं बोलावतो, एकीला पाचशे वाढवतो आणि गट फुटतो. स्टूल एकीला देऊन दुसरीला नाकारता येत नाही.

केरळात हेच झालं. कोझिकोडला मिठाई तेरुवू म्हणून बाजार आहे, आपल्या मेन रोडसारखाच दाटीचा. तिथे पी. विजी या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी दुकानातल्या बायकांना एकत्र केलं. त्यांची पहिली मागणी संडासाची होती. मग बसण्याचा हक्क मागितला. चिकाटी एवढी की 2018 मध्ये केरळ सरकारला दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती करून बसायची सोय बंधनकारक करावी लागली. 2021 मध्ये तमिळनाडूनेही तसाच बदल केला. या बायकांच्या पाठीशी कुठला मोठा पक्ष नव्हता, हे मुद्दाम सांगते.

आता आपल्याकडचं. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यातल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, 2020 मधलं कलम 24 काढून वाच. ज्यांना उभं राहून काम करावं लागतं त्यांच्यासाठी बसायची व्यवस्था, आणि हातपाय धुवायला स्त्री-पुरुषांची वेगळी सोय, या गोष्टी मालकाची जबाबदारी म्हणून तिथे नाव घेऊन लिहिल्या आहेत. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या दुकानाला ही संहिता लागते, म्हणजे तुमच्या दुकानाला लागते.

पण कायद्याचा कागद घेऊन एकटीने केबिनमध्ये जाऊ नकोस. हे कळकळीने सांगते. आधी तुमच्यापैकी पाच-सहा जणी दुकानाबाहेर बसा, कुणाच्या तरी घरी. दुकानाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक अक्षर टाकू नका, त्यात सुपरवायझर असतोच. अर्जावर जमतील तेवढ्या सगळ्यांच्या सह्या घ्या आणि त्या गोलात घ्या, म्हणजे पहिली सही कुणाची हे कळत नाही. पुरुष कामगारांनाही विचारा. पाय त्यांचेही दुखतात, आणि ते बरोबर असले की 'बायकांची कुरकुर' म्हणून कुणी झटकत नाही.

जिल्हा न्यायालयातून

ताईंच्या म्हणण्याला जोड देतो. नोकरीचा पुरावा आजच गोळा करा. वाद झाला की पहिलं उत्तर येतं, 'ही आमच्याकडे नव्हतीच.' नियुक्तीपत्र नसेल तर ओळखपत्राचा फोटो, पगार खात्यात जमा झाल्याच्या नोंदी आणि ड्यूटी लावल्याचे मेसेज जपून ठेवा. नव्या संहितेनुसार नियुक्तीपत्र देणं मालकावर बंधनकारक आहे, तेही त्याच अर्जात मागा.

दुसरं, दुकानात दहापेक्षा जास्त माणसं आहेत, तर 2013 च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असायला हवी. अध्यक्ष बाई, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या सदस्य बायका आणि एक सदस्य बाहेरचा. पुरुषांबरोबरचा एकच संडास, तोही गोदामामागे, यात सुरक्षेचा प्रश्न आहेच. समिती कुठे आहे, तिच्यात कोण आहे, एवढं लेखी विचारा. तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते.

पंचवटीतला दुकानदार

माझं कापडाचं लहान दुकान आहे, त्यामुळे दुसऱ्या बाजूनेही सांगतो. गिऱ्हाईकासमोर माणूस बसलेला दिसला की दुकान आळशी वाटतं, असा समज आमच्या धंद्यात आहे. पण तो जुना नाही. वडिलांच्या वेळी पांढरी गादी होती. गिऱ्हाईकही गादीवर आणि दाखवणाराही गादीवर. मांडी घालून दिवसभर साड्या उलगडायच्या आणि घड्या घालायच्या. काचेचे शोरूम आले, काउंटर आले आणि माणसं उभी राहिली. मी गेल्या दिवाळीपासून काउंटरमागे उंच स्टुलं ठेवली. विक्रीत काही फरक पडला नाही. संध्याकाळी मुली चिडचिड कमी करतात, हे मात्र मला दिसतं. तुमच्या मालकाला बोलायला एखादा व्यापारी मध्ये हवा असेल तर मी येईन.

काउंटरवाली, नाशिक

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आम्ही सात जणी पंचवटीत एकीच्या घरी बसलो. दोघी घाबरून आल्या नाहीत, त्यांच्यावर राग नाही. अर्ज असा लिहिला आहे: 'आम्ही विनंती करतो की, शक्य असल्यास, दुपारच्या वेळेत आम्हाला थोडा वेळ बसण्याची परवानगी मिळावी, तसेच स्वच्छतागृहाबाबत विचार व्हावा.' बरोबर आहे का?

सिडकोची ताई

सात जणी जमल्या, फार बरं वाटलं. कामगार संघटना नोंदवण्याच्या अर्जालाही किमान सातच सह्या लागतात. त्याला इतरही अटी आहेत, आणि ते आत्ता नाही, पण लक्षात असू दे.

अर्जातून 'शक्य असल्यास', 'थोडा वेळ' आणि 'परवानगी' हे तिन्ही काढ. असं लिही: 'गिऱ्हाईक नसताना बसता यावे यासाठी प्रत्येक काउंटरमागे एक स्टूल ठेवावे. महिलांसाठी आतून कडी असलेले स्वतंत्र स्वच्छतागृह द्यावे व तेथे जाण्यासाठी परवानगीची अट नसावी.' खाली कलम 24 चा उल्लेख आणि पंधरा दिवसांत लेखी उत्तराची मागणी. दोन प्रती काढा आणि एकीवर दुकानाचा शिक्का घेऊन पोच ठेवा. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. उत्तर नाही आलं तर तीच पोच घेऊन कामगार उपायुक्तांच्या कार्यालयात आपण एकत्र जाऊ.

त्या दोघींना अर्ज देण्याआधी एकदा घरी जाऊन भेट. फोनवर नको.