यंत्राशिवाय लिंबाचे आइस्क्रीम घरी नीट कसे जमवावे?

हर्णैची_वहिनी

नमस्कार मंडळी. हर्णैजवळ आमचे घरगुती निवास-न्याहारीचे लहानसे काम आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत येणाऱ्या पाहुण्यांना दुपारच्या माशांच्या जेवणानंतर घरी केलेले लिंबाचे आइस्क्रीम द्यावे, असे मनात आहे. आइस्क्रीमचे यंत्र आमच्याकडे नाही आणि एका हंगामासाठी ते घेण्याचा विचारही नाही. त्यामुळे क्रीम फेटून त्यात कंडेन्स्ड मिल्क आणि लिंबाचा रस मिसळायचा आणि मिश्रण तसेच गोठवायचे, ही कृती मी धरली आहे.

काही गोष्टी मात्र उलगडत नाहीत. पाकिटातले क्रीम कितीही फेटले तरी ते पातळच राहते. पदार्थ फार गोड होऊ नये म्हणून मी कंडेन्स्ड मिल्क थोडे कमी करून तेवढे दूध घालते, पण गोठल्यावर ते दाताखाली बर्फासारखे कचकचते. मोसंबीचा रस रात्री काढून ठेवला तर सकाळी त्याला कडवट चव येते, मग तो वापरावा की नाही? आमच्या परसात कागदी लिंबू, ईडलिंबू आणि पपनस अशी तिन्ही झाडे आहेत, आणि घरच्या गाईच्या दुधाची सायही भरपूर निघते. हे सारे घरचे जिन्नस वापरता आले तर फार बरे होईल. शिवाय आमच्याकडे वळवाच्या पावसात वीज जाते, तेव्हा फ्रीझरमधल्या आइस्क्रीमचे काय करावे, तेही कृपया सांगावे.

दूधदुभते

वहिनी, तुमच्या पहिल्या दोन अडचणी एकमेकींशी जोडलेल्या आहेत, म्हणून त्यांचे उत्तर एकत्रच देतो. यंत्रात आइस्क्रीम घुसळले जाते तेव्हा मिश्रण गोठत असतानाच त्यात हवा मिसळत जाते आणि बर्फाचे कण मोठे होण्याआधीच मोडले जातात. आपण घुसळणार नसू, तर ही दोन्ही कामे मिश्रणातल्या घटकांकडूनच करून घ्यावी लागतात. हवा फेटलेल्या क्रीममधून येते. पाण्याला पूर्णपणे गोठू न देण्याचे काम साखर करते, आणि स्निग्धांश बर्फाच्या कणांना एकमेकांपासून दूर ठेवतो. म्हणूनच या कृतीत क्रीम आणि कंडेन्स्ड मिल्क यांच्या प्रमाणात मनाप्रमाणे फेरफार करता येत नाही.

क्रीम फेटले जात नाही याचे कारण बहुधा पाकिटावरच छापलेले असेल. किराणा दुकानात ‘फ्रेश क्रीम’ म्हणून मिळते त्यात साधारण २५ टक्के स्निग्धांश असतो. ते भाजीत किंवा फळांवर घालायला उत्तम असले, तरी फेटल्यावर हवा धरून ठेवण्याइतके सशक्त नसते. आपल्याला किमान ३० टक्के, आणि मिळाल्यास ३५ टक्के स्निग्धांशाचे, ‘व्हिपिंग क्रीम’ म्हणून विकले जाणारे दुधाचे क्रीम हवे. केकवाल्यांसाठीचे सामान ठेवणाऱ्या दुकानांत व्हिपिंग क्रीम म्हणून जे गोठवलेले मिळते, त्यातले बरेचसे वनस्पती तेलाचे असते. ते चटकन फुगते आणि उन्हातही टिकते, पण जिभेवर तेलकट थर ठेवते आणि लिंबाचा ताजेपणा त्याखाली दबून जातो. माझे मत विचाराल तर लिंबासाठी ते वापरू नये.

दुसरी गोष्ट आपल्या किनाऱ्यावरच्या हवेची. क्रीममधल्या स्निग्धांशाचे कण थंड आणि घट्ट असतील तरच ते हवेच्या बुडबुड्यांभोवती कडे धरतात. क्रीम दहा अंशांच्या वर गेले की ते कडे सैल पडते. मे महिन्यात स्वयंपाकघरात शेगडी पेटलेली असताना क्रीम फेटायला घेतले, तर उत्तम क्रीमही पातळ राहील. क्रीम रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावे, पातेले आणि फेटणीची पाती अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवावीत, आणि चूल पेटण्याआधी सकाळीच फेटून घ्यावे. फेटताना पातेल्याखाली बर्फाच्या पाण्याची परात असावी. फेटणी उचलल्यावर क्रीमचे टोक उभे राहून किंचित वाकले की थांबावे. त्यापुढे गेलात तर कडेने रवाळपणा दिसू लागतो आणि पाहता पाहता लोणी सुटते.

आता कचकचण्याविषयी. गाईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणी असते, तर कंडेन्स्ड मिल्कमध्ये ते जेमतेम पाव भागाच्या आसपास असते. एकाच्या जागी दुसरे घातले की साखर कमी होते आणि पाणी वाढते, म्हणजे दोन्ही बाजूंनी बर्फालाच मदत होते. गोडी कमी करायची असेल तर आंबटपणा वाढवावा आणि चिमूटभर मीठ घालावे, पाणी वाढवू नये. ४०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क, ५०० मिलिलिटर व्हिपिंग क्रीम आणि सुमारे १२० मिलिलिटर लिंबाचा रस, हे प्रमाण मला सर्वांत विश्वासाचे वाटते. थंडीमुळे जिभेला गोडी कमी जाणवते, तेव्हा गोठवण्याआधी मिश्रण थोडे जास्त गोड लागले तर ते योग्यच आहे, असे समजावे.

घरच्या सायीबद्दल स्पष्टच सांगतो. तापवलेल्या दुधावरून काढलेल्या सायीत स्निग्धांश आधीच गुठळ्या होऊन बसलेला असतो, त्यामुळे ती फेटली की फुगण्याऐवजी लोण्याकडेच जाते. ती या कामाची नाही. तिचे उत्तम तूप होते, किंवा दूध आटवून कुल्फी करताना ती घालता येते. मात्र त्या कुल्फीत लिंबाची फक्त किसलेली साल घालावी. गरम दुधात रस पडला तर ते नासेल.

परसबाग_वेंगुर्ले

वर क्रीमबद्दल सविस्तर आलेच आहे, म्हणून मी केवळ फळांबद्दल लिहिते. लिंबाचा आंबटपणा रसात असतो, पण ज्याला आपण लिंबाचा वास म्हणतो तो सालीतल्या तेलात असतो. नुसत्या रसाचे आइस्क्रीम आंबट लागते, पण लिंबाचे लागत नाही. आपले कागदी लिंबू नावाप्रमाणे पातळ सालीचे, त्यामुळे ते किसताना हात हलका ठेवावा लागतो. किसणीवर एका जागी एकदाच फिरवावे आणि हिरवा रंग जाऊन खालचा पांढरा भाग दिसू लागताच लिंबू वळवावे, कारण कडूपणा त्या पांढऱ्या भागातच असतो. ईडलिंबाची साल जाड आणि फार सुवासिक असते. तुमच्या दारात झाड आहे, तर साल ईडलिंबाची आणि रस कागदी लिंबाचा, असा मेळ मी सुचवीन.

किसलेली साल आधी कंडेन्स्ड मिल्कमध्ये कालवून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी, म्हणजे तेल त्यात उतरते. नंतर गाळलेला रस थोडा थोडा घालून ढवळावे. इथे घाबरून जाऊ नका. ते मिश्रण हळूहळू श्रीखंडासारखे दाट होते, नासत नाही. आम्लामुळे दुधातली प्रथिने एकत्र येतात हे खरे, पण घट्ट साखरेच्या पाकात ती फुटून वेगळी न होता एकसंध बसतात. मिश्रण थंड असणे मात्र आवश्यक आहे. त्यात आधी क्रीमचा एक डाव घालून मिसळावे आणि मग उरलेले क्रीम उलथण्याने तळापासून वर आणत हलकेच कालवावे. रस थेट फेटलेल्या क्रीमवर ओतू नये, त्याने क्रीम दाणेदार होते. भांडे स्टीलचे किंवा काचेचे घ्यावे. पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो, आणि ॲल्युमिनियमही आंबटाला चालत नाही.

मोसंबीचा रस सकाळी कडू लागतो त्यात तुमचा काही दोष नाही. मोसंबीच्या गरात असे एक द्रव्य असते, जे फळात असताना कडू नसते, पण रस काढल्यावर आम्लाच्या सान्निध्यात हळूहळू कडू लिमोनिनमध्ये बदलते. म्हणून मोसंबीचा रस काढल्याबरोबर वापरावा, शिळा वापरू नये. शिवाय मोसंबी इतकी सौम्य असते की एकट्या तिच्या रसाने कंडेन्स्ड मिल्क दाट होणार नाही, त्यात लिंबू घालावेच लागेल.

पपनसाची गोष्ट आणखी निराळी आहे. फोडींवरचे पापुद्रे सगळे सोलून काढावे लागतात, कारण त्यांतल्या नारिंजिनमुळे जिभेवर कडवटपणा राहतो. सोललेल्या गराचे दाणे मिश्रणात घालून गोठवले तर बर्फाच्या मण्यांसारखे दातांना लागतात. तेव्हा हंगामात पपनस मिळाल्यावर त्याचे दाणे वाढताना वरून घालावेत. गोठलेल्या लिंबावर ते ताजे, रसाळ दाणे फार सुंदर लागतात, आणि पाहुण्यांना ते दुसरीकडे सहसा मिळणारही नाहीत.

रत्नागिरीतला_जुना

इतरांनी सांगितलेले सगळे योग्य आहे, तरी एक मत नोंदवतो. घरी बर्फ आणि जाडे मीठ आणून लाकडी पॉट फिरवणारी चार माणसे असतील, तर पॉटच्या आइस्क्रीमचा पोत यापेक्षा चांगला येतो. बर्फात मीठ घातले की तापमान शून्याच्या बरेच खाली, मीठ पुरेसे असेल तर उणे २१ अंशांपर्यंत जाऊ शकते, आणि फिरवण्याने बर्फाचे कण बारीक राहतात. पण रोज जेवणावळ असलेल्या घरात हे जमणार नाही, हेही मान्य आहे.

आता फ्रीझरविषयी. कोकणातल्या घरात फ्रीझरमध्ये सुरमई, कोळंबी नाहीतर बांगडे असतातच, आणि दुधाचा स्निग्धांश वास चटकन धरतो. आइस्क्रीमचा डबा घट्ट झाकणाचा असावा, आणि झाकणाखाली मिश्रणाच्या पृष्ठभागाला चिकटून एक प्लास्टिकचा कागद दाबून बसवावा. मासे वेगळ्या डब्यात आणि वेगळ्या कप्प्यात ठेवावेत. डबा खोल नको. चार-पाच सेंटीमीटर उंचीचा, पसरट आणि आधी फ्रीझरमध्ये थंड केलेला असावा, कारण मिश्रण जितके लवकर गोठेल तितके बर्फाचे कण बारीक होतील. फ्रीझर उणे १८ अंशांचा असेल तर सहा ते आठ तासांत काम होते. एका दरवाजाच्या लहान फ्रिजमधला बर्फाचा कप्पा तितका थंड नसतो, तिथे रात्रभर लागेल आणि पदार्थ थोडा मऊच राहील.

वीज जाण्याचे म्हणाल, तर ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर आपल्या भागात किती दिवस अंधार होता ते तुम्हाला मी सांगायला नको. त्या प्रसंगाला काहीच पुरणार नाही, पण वळवाच्या पावसात दोन-चार तास वीज जाते त्यावर उपाय आहे. एक लिटर पाण्यात साधारण १०० ग्रॅम मीठ विरघळवून ते बाटल्यांत भरावे, वर थोडी जागा मोकळी ठेवावी आणि त्या बाटल्या आइस्क्रीमच्या डब्याभोवती रचाव्यात. हे पाणी शून्याखाली सुमारे सहा अंशांना गोठते. म्हणून वीज गेल्यावर ते वितळू लागले तरी आजूबाजूचे तापमान शून्याखालीच धरून ठेवते, साध्या पाण्याच्या बाटल्यांना ते जमत नाही. वीज नसताना फ्रीझर उघडू नये. कडेने थोडे मऊ झालेले आइस्क्रीम पुन्हा घट्ट होईल, पण त्याचा पोत खडबडीत होतो. पूर्ण पातळ होऊन कोमट झालेले मात्र पुन्हा गोठवू नये आणि पाहुण्यांना तर मुळीच देऊ नये. दुधाचा पदार्थ आहे, तिथे काटकसर करू नये.

हर्णैची_वहिनी

सर्वांचे मनापासून आभार. क्रीमचे पाकीट पाहिले, त्यावर २५ टक्केच लिहिलेले आहे. दापोलीहून व्हिपिंग क्रीम मागवते. आणखी दोन गोष्टी विचारते. जेवणाच्या पाटीवर याला आइस्क्रीम म्हणावे का? आणि दूध न चालणाऱ्या पाहुण्यांसाठी लिंबाचेच काही करता येईल का?

दूधदुभते

आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे आइस्क्रीममध्ये किमान १० टक्के दुधाचा स्निग्धांश लागतो, आणि वनस्पती तेल वापरले तर त्या पदार्थाला ‘फ्रोझन डेझर्ट’ म्हणावे लागते. वरच्या प्रमाणात दुधाचे क्रीम घेतलेत तर स्निग्धांश १० टक्क्यांच्या बराच वर जातो, तेव्हा आइस्क्रीम म्हणायला त्या बाजूने हरकत दिसत नाही. वाढण्याआधी डबा दहा मिनिटे खालच्या फ्रिजमध्ये ठेवावा आणि वाट्याही थंड कराव्यात. आपल्या दमट हवेत साध्या वाटीत ते टेबलापर्यंत पोहोचेतो कडेने वितळते.

परसबाग_वेंगुर्ले

दूध न चालणाऱ्यांसाठी खरवडलेला लिंबू-बर्फ करावा. अर्धा लिटर पाण्यापैकी थोड्या पाण्यात १६० ग्रॅम साखर विरघळवून घ्यावी, ते गरम असतानाच त्यात दोन लिंबांची किसलेली साल घालून झाकून ठेवावे. थंड झाल्यावर गाळून उरलेले पाणी, १०० मिलिलिटर रस आणि चिमूटभर मीठ घालावे. पसरट स्टीलच्या डब्यात फ्रीझरमध्ये ठेवून, कडा गोठू लागल्या की दर अर्ध्या तासाने काट्याने कडेचा बर्फ मध्यभागी खरवडत आणावा. तीन-चार तासांत त्याचा सैल, चमकदार चुरा होतो. साखर याहून कमी करू नका, नाहीतर त्याची एकच लादी होईल आणि काटा चालणार नाही. एप्रिल-मे महिन्यात लिंबे महाग झाली तर याच रीतीने रातांब्याचा, म्हणजे कोकमाच्या फळाचा, रसही वापरता येतो. मात्र घरचे आगळ, म्हणजे मीठ घालून टिकवलेला कोकमाचा रस, त्यात घालू नये, त्यात मीठ फार असते.