मदत हवी आहे : सगळे सुळक्यावर, मी एकटी पायथ्याशी

नमस्कार मंडळी, मी नाशिकची. येत्या शनिवार-रविवारी नवरा आणि त्याचे चार मित्र हडबीच्या शेंडीवर प्रस्तरारोहणाला निघालेत. मनमाडजवळ, अंकाई-टंकाई किल्ल्यांच्या शेजारचा तो अंगठ्यासारखा सुळका. मुक्काम पायथ्याच्या माळावर, तंबूत. मीही जाणार आहे, पण चढणार नाही. मला उंचीची खरंच भीती वाटते.

काल रात्री हा हॉलमध्ये बसून दोर तपासत होता. हातभर-हातभर बोटांतून सरकवत, कुठे मऊ पडलाय का, कुठे कातरलाय का ते बघत. ते पाहून वाटलं, या माणसाच्या आयुष्यातला एवढा मोठा भाग आपण कधी जवळून पाहिलाच नाही. म्हणून जायचंय.

आता अडचण पाण्याची. तो सगळा भाग कोरडा. माणशी रोज ४ लिटर धरले तरी सहा जणांचे दोन दिवसांचे ४८ लिटर होतात. २० लिटरचे तीन जार पुरतील का? स्वयंपाक, भांडी त्यातच.

दिवसभर सावली कशाची करू? वरून दगड सुटतात म्हणे, मग कड्यापासून किती लांब बसायचं? खाली बसणाऱ्यानेही हेल्मेट घालायचं का? धुराने आग्या मोहोळाच्या माश्या उठतात असं ऐकलंय, तर चूल पेटवू की डबेच न्यावेत? आणि बायकांनी उघड्या माळावर आडोशाची सोय कशी करायची, हे कुणा ताईने मोकळेपणाने सांगितलं तर फार बरं होईल.