भरदिवसा अंधाऱ्या खोलीसाठी उन्हासारखा प्रकाश देणारा दिवा कोणता घ्यावा?

प्रश्न (अमळनेर)
आमचे घर जुने, धाब्याचे आहे. जाड मातीच्या भिंतींमुळे गारवा टिकतो, पण एप्रिल-मे महिन्यांत झळा आत येऊ नयेत म्हणून सकाळी नऊनंतर दारे-खिडक्या लावून घ्याव्या लागतात आणि मधल्या खोलीत भरदुपारीही दिव्याशिवाय अक्षर दिसत नाही. याच खोलीत मुलगी दिवसभर प्रवेश परीक्षेचा अभ्यास करते आणि रात्री सासूबाई झोपतात. सध्या ६५०० केल्विनची एकच ट्यूब आहे. मुलीचे डोके दुखते, सासूबाईंना झोप लवकर लागत नाही. दुकानदार ‘नैसर्गिक सूर्यप्रकाश’ असे छापलेला महाग बल्ब सुचवत आहे. तो घ्यावा का?

उत्तर (भुसावळ)
ताई, मी वायरिंगची कामे करतो. खोक्यावरच्या शब्दांवर जाऊ नका, आकडे वाचा. केल्विन केवळ प्रकाशाची छटा सांगतो: २७०० पिवळसर, ४००० पांढरा, ६५०० निळसर. रंग किती खरे दिसतील ते सीआरआय सांगतो. उन्हाचा १०० धरतात, साध्या एलईडीचा ८० च्या आसपास असतो, ९० च्या वरचा मिळाल्यास तोच घ्यावा. आमच्या स्वयंपाकघरात तसा दिवा लावल्यापासून भरिताच्या हिरव्या वांग्यावरचे किडीचे बारीक छिद्र, जे पूर्वी नजरेतून सुटत असे, चिरण्याआधीच दिसते. डोकेदुखीमागे दिव्याची थरथरही असू शकते. आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे निकृष्ट ड्रायव्हरच्या (एलईडीला वीज पुरवणाऱ्या आतल्या सर्किटच्या) दिव्याचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. मोबाइलचा कॅमेरा ट्यूबसमोर धरा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर ती ट्यूब आधी काढा.

उत्तर (धुळे)
वरील माहिती योग्य आहे, परंतु मूळ अडचण वेगळी वाटते. सूर्य दिवसभर एकसारखा नसतो, आणि तुम्ही सकाळपासून रात्रीपर्यंत एकच निळसर ट्यूब वापरत आहात. डोळ्याच्या पडद्यात निळसर प्रकाशाला विशेष प्रतिसाद देणाऱ्या पेशी असतात. दिवस आहे की रात्र, हे त्या मेंदूला कळवतात. रात्री नऊ वाजता डोक्यावर ६५०० केल्विन असेल तर शरीराला दिवसच वाटत राहतो. म्हणून दिवसा ४००० ते ५००० केल्विनच्या दोन ट्यूब लावा आणि संध्याकाळनंतर त्या बंद करून २७०० केल्विनचा मंद दिवा, शक्यतो खाली ठेवलेला, वापरा. दोन्हींची बटणे वेगळी घ्या.

कोणताही दिवा उन्हाची जागा घेणार नाही. दुपारच्या उन्हात सुमारे एक लाख लक्स (उजेड मोजण्याचे एकक) प्रकाश असतो, घरात अनेकदा शे-दोनशेच. शिवाय घरगुती एलईडीतून ड जीवनसत्त्व मिळत नाही. मुलीला सकाळी सात ते आठ पुस्तक घेऊन ओट्यावर बसवा. डोकेदुखी राहिलीच तर नेत्रतज्ज्ञांना अवश्य दाखवा.

प्रश्नकर्तीचे उत्तर
कॅमेऱ्यात पट्टे स्पष्ट दिसले. ट्यूब आजच उतरवली आहे. सासूबाईंच्या खाटेजवळ पिवळ्या दिव्यासाठी वेगळा पॉइंट काढून घेत आहे.