नॉमिनी आई आहे, मग पेन्शन कुणाला? (रेल्वे, एनपीएस, सेवेत असताना मृत्यू)

प्रश्न : तापीकाठचा

नमस्कार मंडळी. माझा मोठा भाऊ भुसावळला इलेक्ट्रिक लोको शेडमध्ये टेक्निशियन होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये हार्ट अटॅकने गेला. वय ३९. रात्रपाळी करून घरी आला, चहा घेतला, आडवा झाला तो उठलाच नाही. मागे वहिनी, दोन मुलं (मुलगी सातवीत, मुलगा तिसरीत) आणि आई. आई त्याच्याकडेच असते, मी पुण्यात खासगी नोकरीत.

दादा २०११ साली लागला, म्हणजे एनपीएसवाला (नवी, पगारातून कापून साठवायची पेन्शन योजना). तेव्हा लग्न झालेलं नव्हतं, म्हणून सगळीकडे नॉमिनी आई. लग्नानंतर त्याने बदललं का, कुणालाच माहीत नाही. कपाटात सापडलेल्या झेरॉक्सवर तरी आईचंच नाव आहे. आता मामांनी धरलंय की नॉमिनी आई, म्हणजे पैसा आणि पेन्शन दोन्ही आईचं, सुनेने अनुकंपाची नोकरी घ्यावी आणि गप्प बसावं. वहिनीच्या भावाने दशक्रियेच्या दिवशीच वकिलाचं नाव काढलं. आई बिचारी म्हणते मला काहीच नको, पण मामांसमोर बोलत नाही.

मधल्या मध्ये मी. मामा ५०० च्या स्टॅम्प पेपरवर 'पेन्शन अर्धी-अर्धी' असं लिहून घेऊ म्हणतात. करावं का? बेसिक ३९,२०० होता. एनपीएसवाल्याच्या बायकोला पेन्शन मिळते का, इथपासूनच मला काही कळत नाही.

उत्तर १ : सेटलमेंटवाले काका

आधी एक काम करा. तो स्टॅम्प पेपर दुकानदाराकडेच राहू द्या.

मी रेल्वेच्या पर्सनल ब्रँचमध्ये सेटलमेंट सेक्शनला (कर्मचाऱ्यांची देणी चुकती करणारा विभाग) ऑफिस सुपरिंटेंडेंट म्हणून निवृत्त झालो. तुमच्या मामांसारखे मामा दर दोन-चार केसमागे एक असायचेच. त्यांना सांगा, फॅमिली पेन्शनला नॉमिनी नसतो. ती नियमात ज्याचा नंबर पहिला त्याला मिळते, आणि पहिला नंबर विधवा पत्नीचा. ती नसेल किंवा तिने पुनर्विवाह केला तर मुलं. आई-वडिलांचा नंबर लागतो तो पत्नी आणि पात्र मुलं कुणीच नसतील तेव्हा. कर्मचाऱ्याने स्वतः लिहून ठेवलं तरी यात फरक पडत नाही. रेल्वेतल्याच एका फोरमनने सगळं भावाच्या नावे मृत्युपत्र केलं होतं. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं (व्हायोलेट इसाक विरुद्ध भारत सरकार, १९९१). कोर्ट म्हणालं, फॅमिली पेन्शन ही मयताची मालमत्ताच नाही, तर ती मृत्युपत्राने देणार कशी? मृत्युपत्राची ही गत, तिथे तुमचा ५०० चा कागद काय टिकणार?

आता एनपीएसचं. सेवेत असताना मृत्यू झाला तर एनपीएसवाल्याच्या कुटुंबालाही जुन्या पद्धतीची फॅमिली पेन्शन मिळू शकते. दादाने त्याबद्दल काही ऑप्शन भरला होता का, ते सर्व्हिस रेकॉर्डमध्ये बघायला लावा. ती पेन्शन घेतली की खात्यातला सरकारचा वाटा आणि त्यावरची वाढ सरकारजमा होते. दादाच्या पगारातून कापलेला वाटा वाढीसकट घरच्यांना मिळतो. 'सरकारने आमचे पैसे परत घेतले' म्हणून लोक चिडतात, पण हिशोब करून बघा. ३९,२०० च्या निम्मे १९,६००, त्यावर महागाई भत्ता (डीए). ऑक्टोबर २०२५ च्या ५८ टक्क्यांनी ३०,९६८ होतात. हा वाढीव दर १० वर्षं. नंतर ३० टक्के, म्हणजे ११,७६० आणि त्यावर महागाई, वहिनींच्या हयातीपर्यंत. १४ वर्षांच्या नोकरीत साठलेल्या रकमेची अॅन्युइटी (त्या रकमेतून विकत घेतलेली दरमहा पेन्शन) याच्या जवळपासही जात नाही.

ग्रॅच्युइटी वेगळी. ११ ते २० वर्षं सेवेला बेसिक अधिक डीएच्या २० पट. ६१,९३६ गुणिले २०, म्हणजे १२,३८,७२०. शिवाय शिल्लक एलएपीचा (पगारी रजेचा) पगार (३०० दिवसांपर्यंत) आणि ग्रुप इन्शुरन्सचे ३० हजार, त्याच्या बचत फंडासह. ग्रॅच्युइटीला मात्र नॉमिनेशन बघतात. तो मूळ फॉर्म फाइलमधून काढायला लावा. झेरॉक्सवर भांडू नका.

उत्तर २ : रावेरची ताई

काकांनी नियम सांगितले, मी घरातलं सांगते. माझे मिस्टर गेले तेव्हा मुलगा पाच वर्षांचा होता. आता मी अनुकंपावर लागून डेपोत ऑफिसला आहे.

भाऊ, वहिनीला डीआरएम ऑफिसला (रेल्वेचं विभागीय कार्यालय) एकटं पाठवू नका, पण तिच्या वतीने तुम्हीच बोलत बसू नका. वेलफेअर इन्स्पेक्टर घरी येईल तेव्हा तिला समोर बसवा. कोऱ्या फॉर्मवर सह्या नकोत, मग सांगणारे मामा असोत की तिचा सख्खा भाऊ. माझ्याकडून बारा सह्या घेऊन ठेवल्या होत्या घरच्यांनी, 'धावपळ नको तुला' म्हणून. त्यातली एक नोकरी दिराला द्यावी अशा संमतीची निघाली. (माझ्या दिराला आता मी राखी बांधते, तो भाग वेगळा.)

नोकरी कुणी घ्यायची ते पेन्शनच्या घाईत ठरवू नका. मुलगा लहान आहे म्हणून त्याच्यासाठी केस राखून ठेवता येते, तसं लेखी कळवायचं. पण मी तरी म्हणेन, वहिनीचं वय आणि शिक्षण जमत असेल तर तिनेच घ्यावी. मुलगा तिसरीत आहे. तो मोठा होईपर्यंत घर कोण चालवणार? नोकरी लागली म्हणून पेन्शन बंद होत नाही, ही अफवा आमच्याकडेही होती.

उत्तर ३ : अण्णा_६२

सगळे सुनेचीच बाजू घेताय. जिने पोरगा वाढवला त्या म्हातारीने कुठं जायचं? नॉमिनी म्हणून नाव त्यानेच घातलं होतं ना?

उत्तर ४ : सेटलमेंटवाले काका

अण्णा, घातलं ते लग्नाआधी. एनपीएसच्या नियमात लग्नाआधीचं नॉमिनेशन लग्न झालं की बाद ठरतं, नवं भरावं लागतं. कुणी भरत नाही ही रडकथा जुनीच.

आईची सोय मात्र आहे. अनुकंपावर लागणाऱ्याकडून मयतावर अवलंबून असलेल्या बाकीच्यांना सांभाळीन असं हमीपत्र घेतात. ते पाळलं नाही तर नोकरीवर येऊ शकतं. आईचं नाव अवलंबितांमध्ये नीट लिहायला लावा. त्या एका ओळीत मामांच्या स्टॅम्प पेपरपेक्षा जास्त दम आहे.

तापीकाठचा, आणखी एक. दादाचं पगाराचं खातं स्टेट बँकेत होतं का? सप्टेंबर २०२५ मध्ये रेल्वेचा त्यांच्याशी करार झालाय, त्यात नैसर्गिक मृत्यूलाही १० लाखांचं विमा कवच आहे, हप्ता न भरता. हे ऑफिसच्या सेटलमेंटमध्ये येत नाही, ब्रँचला जाऊन मागावं लागतं.

तापीकाठचा

काका, ताई, दोघांचेही आभार. खातं स्टेट बँकेतच आहे, वहिनी सोमवारी जाणार आहे. मामांना कोर्टाचा निकाल वाचून दाखवला, 'बघू' म्हणाले. म्हणजे पटलं असावं.

दोन शंका. क्वार्टर लगेच सोडावं लागेल का? आणि दादाच्या रेकॉर्डला वहिनीचं सासरचं नाव आहे, आधार आणि पासबुकावर अजून माहेरचं.

उत्तर ५ : सेटलमेंटवाले काका

क्वार्टर २४ महिने ठेवता येतं, पण रिटेन्शनचा अर्ज करायचा. नाही केला तर पुढे दंडाचं भाडं लागतं आणि ते ग्रॅच्युइटीतून वळतं करतात.

नावाचं आजच उरका, केस नेमकी तिथेच लटकते. लग्नाचा दाखला आणि दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडा. दाखला नसेल तर आधी नगरपालिकेत लग्नाची नोंद होते का ते विचारा. आणि आधार अर्ध्यात बदलायला जाऊ नका. पेन्शनचा कागद एका नावाने निघेल आणि खातं दुसऱ्या नावाचं राहील.

उत्तर ६ : रावेरची ताई

खातं वहिनीचं एकटीचं हवं. आणि रेल्वे हॉस्पिटलच्या आरईएलएचएसचा (निवृत्त आणि मयत कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांसाठीची उपचार योजना) अर्ज याच फेरीत टाका, आईची बीपीची गोळी तिथूनच येत असेल तर.

तापीकाठचा

तिथूनच येते. टाकतो.