सातबाऱ्याच्या वादात सरकारच न्यायाधीश का?

बांधावरचा: "अधिकारांची विभागणी पुस्तकात ठीक, जमिनीचे वाद तहसीलदार-प्रांत-मंत्र्यांकडेच लवकर सुटतात," असं काल इथं एकाने ठोकून दिलं. अजिबात पटलं नाही. फौजदारी न्यायदान कलेक्टरच्या हाताखालून काढायला मुंबई राज्याने १९५१ मध्येच कायदा केला. न्यायदान प्रशासनापासून वेगळं करा, हेच घटनेचं कलम ५० सांगतं. मग महसुलातच काय घोडं अडलंय? फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नोंदीतला बदल, मंडळ अधिकारी मंजूर करणार, अपील प्रांताकडे, वर अपर जिल्हाधिकारी, अपर आयुक्त, शेवटी महसूल संहितेच्या कलम २५७ खाली फेरतपासणीला मंत्रालयात मंत्र्यांकडे. सगळे एकाच खात्याचे. वर्ग २ च्या, म्हणजे सरकारी अटींवर दिलेल्या, जमिनीत शर्तभंग झाला की नाही, हा वाद तर थेट सरकारशीच असतो, आणि निकालही सरकारच देतं!

निवृत्त नायब: तो "एकाने" म्हणजे मीच. मग जा ना दिवाणीत! आमच्या चुलत्यांनी लावलेला वाटपाचा दावा आता त्यांची मुलं चालवतायत. तहसीलदार निदान चिखल तुडवत रानात येतो, गाडीवाटेची चाकोरी डोळ्यांनी बघतो. कोर्ट पाहणीसाठी कमिशनर नेमतं आणि त्याच्या अहवालावर हरकती घेण्यात वर्ष जातं.

काळा कोट: रस्त्याचा विषय काढलाच आहे तर ऐका. असलेली वाट अडवली तर मामलेदार कोर्ट कायदा १९०६, कलम ५, आणि तेही सहा महिन्यांच्या आत. बांधावरून नवी वाट हवी तर महसूल संहितेचं कलम १४३. निम्मे अर्ज चुकीच्या कलमाखाली येतात. ते पहिल्याच दिवशी सांगायचं सोडून तारखा पडत राहतात. त्या बुधवारी साहेब मंत्र्यांच्या दौऱ्यात, पुढच्या बुधवारी निवडणुकीच्या ट्रेनिंगला!

उसाचं रान: तारखांचं सोडा. आमच्या बाजूने तहसीलदारांचा आदेश झाला. शेजाऱ्याने वरून स्थगिती आणली, आम्हाला नोटीससुद्धा नाही. तोड आलेली, ट्रॅक्टर आत जाईना. मोळ्या डोक्यावरून डांबरीपर्यंत काढल्या. मी आणि जाऊबाई. ती स्थगिती कशी मिळाली ते अख्ख्या गावाला माहीत आहे.

निवृत्त नायब: ताई, वाईट झालं. पण एका साहेबावरून सगळ्या खात्याला चोर ठरवू नका. वाटेवरून कुऱ्हाडी निघाल्या तेव्हा मधे मी उभा राहिलोय, कोर्टाचा बेलीफ नाही.

बांधावरचा: चोर कोण म्हणालं? भांडण थांबवणं हे प्रशासनाचं काम, ते तुम्ही केलंत, मान्य. हक्काचा निवाडा हे वेगळं काम. सातबाऱ्यावरच्या नोंदीने मालकी ठरत नाही असं सुप्रीम कोर्ट वारंवार सांगतंय, तरी कर्ज, खरेदी, भरपाई सगळं त्या नोंदीवरच अडतं.

काळा कोट: आणि पर्याय नवा शोधायला नको. कूळकायद्यात कलेक्टरच्या निकालावर फेरतपासणी महसूल न्यायाधिकरणाकडे जाते, मंत्र्याकडे नाही. २५७ खालच्या केसेस तिकडे वळवा.

निवृत्त नायब: वळवा. मंत्र्यांकडची सुनावणी गेली तर मला दुःख नाही, तिथं काय चालतं ते मीही पाहिलंय. पण रस्त्याच्या केसेस तहसीलदाराकडून काढाल तर पेरणीच्या तोंडावर शेतकऱ्याला कोण वाट उघडून देणार, ते आधी सांगा.

उसाचं रान: उघडून द्या तुम्हीच. फक्त दुसऱ्या बाजूला न ऐकता वरून स्थगिती देणं बंद करा.