पाणीकपातीच्या काळात अग्निशमन पंपाचा राखीव साठा कसा टिकवावा?

नमस्कार मंडळी,

कांदिवलीतील आमच्या सोळा मजली इमारतीच्या व्यवस्थापक समितीवर मी यंदाच आले असून, एका बाबतीत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. आमची जमिनीखालची अग्निशमनाची टाकी पाच मीटर लांब, तितकीच रुंद आणि तीन मीटर खोल, म्हणजे ७५,००० लिटरची आहे. शेजारीच वापराच्या पाण्याची टाकी असून मधल्या भिंतीत तळाशी एक व्हॉल्व्ह आहे. तलावांतील साठा घटून कपात लागू झाली की तो उघडला जातो आणि टाकी पुन्हा भरायची राहून जाते. मे महिन्यात मी काठी टाकून मोजले, तेव्हा पाणी जेमतेम १.२ मीटर होते.

मुख्य पंप मिनिटाला २,२८० लिटर पाणी उचलतो. फूटव्हॉल्व्हखालचे (पंपाच्या शोषण-पाइपच्या तळाशी असलेल्या झडपेखालचे) ३० सेंटिमीटर पाणी त्याला मिळत नाही असे धरले, तर भरलेली टाकी सुमारे अर्धा तास पुरेल. मे महिन्यातील पाणी मात्र दहा मिनिटेही पुरले नसते. बाराव्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेल्या एक आजी राहतात, त्यांना खाली आणायलाच याहून अधिक वेळ लागेल. राज्याच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे प्रपत्र 'ब', म्हणजे अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र, जानेवारी आणि जुलैमध्ये सादर होते, पण कपातीची खरी झळ त्या दोहोंच्या मधल्या महिन्यांत लागते.

महापालिकेची जोडणी आधी अग्निशमनाच्या टाकीत आणावी, ती भरल्यावर वरून ओसंडणारे पाणी वापराच्या टाकीत जावे आणि तळाचा व्हॉल्व्ह काढून ती वाट बुजवावी, असे मला वाटते. त्यामुळे राखीव साठ्याला हात लागणार नाही आणि पाणी खेळते राहून खराबही होणार नाही. जुन्या इमारतीत असा बदल कोणी केला आहे का? काँक्रीटच्या भिंतीत वरून वाट काढताना गळतीचा त्रास झाला का, आणि काम चालू असताना राखीव पाणी कुठे ठेवले?

आणखी एक अडचण म्हणजे पंपाच्या चाचणीचे पाणी सध्या गटारात जाते. ते पाइपने टाकीत परत आणायचे आहे. शिवाय जॉकी पंप (पाइपांतील दाब कायम राखणारा छोटा पंप) दर पंधरा मिनिटांनी सुरू होतो, म्हणजे दाब कुठेतरी उतरत असणार. शोध पाणी उलट येऊ न देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हपासून घ्यावा की मजल्यांवरील होज रीलपासून (आग विझवायच्या गुंडाळलेल्या नळीपासून)? पुढच्या महिन्यातील सर्वसाधारण सभेत खर्चाचा अंदाज मांडायचा असल्याने, ज्यांनी ही कामे करून घेतली आहेत त्यांनी अनुभव सविस्तर लिहावा, ही विनंती.