प्रतिसाद : पित्ताशय काढलं की ‘पित्त’ थांबतं का?

वर विचारलंय, पित्ताशय काढल्यावर पित्ताचा त्रास जातो का. घोळ आपल्या शब्दाचाच आहे. छातीत जळजळतं, ज्याला आपण ‘पित्त’ म्हणतो, ते जठरातलं आम्ल; खरं पित्त यकृतात तयार होतं. पित्ताशय ही फक्त साठवणीची पिशवी, जेमतेम ३० ते ५० मिली मावणारी. तळलेलं लहान आतड्यात पोचलं, की तिथून कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक सुटतं, पिशवी आकुंचन पावते. नेमका तेव्हा पिशवीच्या तोंडाशी पित्ताचा खडा अडकला तर कळ!

इंदूरच्या आमच्या मावशीचं असंच झालं. सराफ्यात (तिथला रात्रीचा खाऊबाजार) गराडू, म्हणजे तळलेल्या कंदाच्या फोडी, खाऊन आली, की मध्यरात्री उजव्या बरगडीखाली कळ, थेट खांद्यापर्यंत. दोन हिवाळे ‘पित्त झालंय’ म्हणत थंड दूध पीत राहिली (आम्हीच पाजलं). सोनोग्राफीत खडे निघाले.

पिशवी काढल्यावर पित्त थेट आतड्यात झिरपतं, बहुतेकांचं पचन नीट चालतं. जळजळ मात्र त्याने जाईलच असं नाही. कळेबरोबर ताप आला किंवा डोळे पिवळे दिसले, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा. मावशी अजून गराडू खाते, चार फोडी. मोजून.